एकेचाळीस नंबरची नजर

१

इशारेवाला गेला तो दुपारी सव्वादोनच्या सुमाराला, लख्ख उन्हात. याबद्दल माल-यार्डात कोणाचंच दुमत नव्हतं. क्रेनच्या आकड्याला लटकलेला लोखंडी पेटारा खाली येत होता. इशारेवाल्यानं दोन्ही हात उंच करून ‘थांब’ची खूण केली होती, आणि आसपासच्या पंधरा-वीस जणांनी ती पाहिली होती. पेटारा थांबला नाही. इशारेवाला सव्वीस वर्षांचा होता आणि घरी त्याची आई एकटी होती.

दुमत होतं ते वर केबिनमध्ये बसलेल्या माणसाबद्दल.

क्रेनचालकानं पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावला होता. “मला तो नीट दिसलाच नाही. तो हलत होता, खांब हलत होता, सगळंच हलत होतं.” पण यार्डाच्या फायलीत त्याच्या नावानं एक कागद होता. तीन महिन्यांपूर्वी त्यानंच हट्ट धरून नजरेची तपासणी करून घेतली होती. संशोधन संस्थेच्या नेत्रवेध प्रयोगशाळेनं लिहून दिलं होतं: नजरेचं स्थैर्य उत्तम, लक्ष उत्तम. खाली क्रमांक एकेचाळीस.

म्हणजे माणूस हलगर्जी होता आणि वर खोटारडाही होता. यार्डानं तसं ठरवूनच टाकलं.

सुरक्षा मंडळाला मात्र एका कागदावर कोणाचं आयुष्य निकालात काढणं प्रशस्त वाटेना. त्यांनी फाईल बाईंकडे पाठवली. बाईंनी नेत्र रुग्णालयात तीस वर्षं तिरळे डोळे तपासले होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. त्यांची सून म्हणायची, “आई, तुम्ही भाजी घेताना भाजी कमी बघता आणि भाजीवाल्याचे डोळे जास्त.”

क्रेनचालकाच्या घरी बाई सकाळी दहाला पोचल्या. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस खिडकीला पाठ करून बसला होता. त्याची बायको दारातच म्हणाली, “ते उजेडाकडे बघत नाहीत हल्ली. चक्कर येते.”

बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरलं.

“याच्या टोकाकडे बघा. फक्त टोकाकडे.”

त्यानं जीव तोडून बघितलं. त्याचे डोळे टोकावर आले, हळूहळू डावीकडे घसरले, झटक्यासरशी परत आले आणि पुन्हा घसरले. उतारावर उभ्या केलेल्या, ब्रेक न लागणाऱ्या गाडीसारखे. बाईंनी पेन खाली ठेवलं. 

“हे कधीपासून?”

“तपासणीच्या आधीपासून. म्हणून तर गेलो ना मी! त्या दिवशी तो पडद्यावरचा ठिपका मला एक क्षण धरता आला नाही, बाई. मी तसं सांगितलंसुद्धा.” त्यानं डोळे मिटून घेतले. मिटल्यावरच त्याला बरं वाटत असावं. “मग त्या कागदावर कोणाची नजर आहे?”

२

नेत्रवेध प्रयोगशाळा म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली होती. एका टोकाला खुर्ची, खुर्चीपुढे हनुवटी टेकवायची लाकडी चौकट, तिच्यापुढे पडदा आणि पडद्याखाली डोळे टिपणारा कॅमेरा. खुर्चीच्या डाव्या हाताला काळा कापडी आडपडदा होता. त्याच्यामागे नोंदणीचं यंत्र आणि ते चालवणाऱ्याचं स्टूल.

बाईंना सगळं समजावलं ते प्राध्यापकांनी. ते प्रयोगशाळेचे प्रमुख. साठीकडे झुकलेले, बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा लावणारे.

“तपासणीचे दोन भाग,” ते म्हणाले. “आधी मधल्या ठिपक्याकडे अर्धा मिनिट बघत राहायचं. नजर किती सांडते ते यंत्र मोजतं. कोणाचीच नजर दगडासारखी नसते, जराजरा थरथरतेच. पण निरोगी माणसाची थरथर तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत मावते. दुसरा भाग लक्षाचा. पडद्यावर चाळीस वेळा, कधी इकडे कधी तिकडे, उजेड लुकलुकतो. दिसला की तिकडे बघायचं.”

“एकेचाळीसची नजर किती सांडली होती?”

“नावालासुद्धा नाही.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “बाई, मी स्पष्टच बोलतो. यार्डाकडून आलेल्या माणसाचं ओळखपत्र फाटकावर बघतात. त्यावरचा फोटो एवढासा. आणि या माणसाला धाकटा भाऊ आहे, अगदी तोच चेहरामोहरा. नोकरी जायची भीती असली की माणूस काय करेल सांगता येत नाही.”

खोलीत आणखी दोघं होती. एक तिशीची संशोधक मुलगी, जिचा प्रबंध याच तपासण्यांवर उभा होता. ती बोलताना मान किंचित उजवीकडे कलती ठेवायची. दुसरे यंत्र सांभाळणारे तंत्रज्ञ. त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. खिशात कायम भिंग पुसायचं मऊ फडकं असायचं म्हणून. हनुवटीची चौकटही त्यांनीच स्वतःच्या हातांनी घडवली होती, कडा इतक्या घासून की कोणाला टोचू नये.

बाईंनी भावाला त्याच संध्याकाळी गाठलं. तो यार्डातच दोरखंड तपासायचा. चेहरा खरोखरच थोरल्याचा छापा होता. बाईंनी पेन धरलं. त्याची नजर खिळ्यासारखी बसली.

 प्राध्यापकांचं म्हणणं खरं निघतंय की काय!

“खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “दादाच्या जागी तुम्ही बसलात?”

भाऊ रागावला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“दादानं सांगितलं असतं तर बसलोही असतो. त्याच्यासाठी काय नसतं केलं? पण तो कशाला सांगेल, बाई? गुपचूप क्रेन चालवायची असती तर तो तपासणीला गेलाच नसता. कोणी त्याला जा म्हटलं नव्हतं. मुकादमाला वाटायचं कामचुकारपणा करतोय. डॉक्टरचा कागद आण, मग खाली काम देतो, म्हणाला होता तो.” त्यानं बाहीनं डोळे पुसले. “माझ्या दादाला त्या तपासणीत नापास व्हायचं होतं.”

३

दुसऱ्या दिवशी बाईंनी मंडळाच्या कचेरीत एकेचाळीस नंबरची चित्रफीत लावली. प्रयोगशाळेनं दिलेले आकडे त्यांनी बाजूला ठेवले. आकडे म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास. त्यांना मूळ डोळे बघायचे होते.

पडद्यावर एक राखाडी चौकोन, त्यात दोन बुबुळं आणि नजर कुठे आहे ते दाखवणारा लाल बिंदू. चेहरा नाही, भुवया नाहीत. पहिल्या भागात लाल बिंदू ठिपक्यावर बसला आणि अर्धा मिनिट तिथेच राहिला. फारच छान. तीस वर्षांत इतक्या शहाण्यासारखं बसून राहिलेला डोळा बाईंनी क्वचितच पाहिला होता.

दुसऱ्या भागात उजेड लुकलुकायला लागले. वर उजवीकडे, खाली, पुन्हा वर, अगदी डावीकडे. बिंदू पळत होता. काहीतरी खटकत होतं, पण काय ते पकडीत येत नव्हतं. बाईंनी गती कमी केली, मग आणखी कमी केली, आणि एका ठिकाणी चित्र थांबवलं.

पडद्यावर उजेड नव्हता. उजेड यायचा होता. आणि लाल बिंदू तिकडे निघालाही होता.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. उजेड दिसल्यापासून डोळा हलायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो, कितीही चलाख असला तरी. डोळ्यांनी बघायचं, मेंदूनं ओळखायचं, मग स्नायूंना हुकूम जायचा. त्याला वेळ लागतोच. चाळीसपैकी एखाद्या वेळी अंदाज बरोबर आला असं म्हणता येईल. बाईंनी कागदावर एकेक रेघ मारत मोजलं. एकतीस वेळा डोळा उजेडाच्या आधी निघाला होता.

त्यांनी इतर दहा जणांच्या चित्रफिती काढल्या. प्रत्येकात उजेडांचा क्रम तोच होता! पहिल्या दिवशी जो लावला तो कोणी बदललाच नव्हता. पण त्या दहांपैकी कोणाचाही डोळा आधी निघत नव्हता. निघेल कसा? ते आयुष्यात एकदाच त्या खुर्चीत बसले होते.

म्हणजे भाऊ सुटला. बाहेरचा कोणीही सुटला. एकेचाळीसमध्ये जो बसला होता त्याला ती तपासणी तोंडपाठ होती. त्यालाही बहुधा ठाऊक नसावं, पण त्याच्या डोळ्यांना पाठ होती.

बाईंनी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. आता त्यांना दुसरी गोष्ट दिसली. दर थोड्या वेळानं लाल बिंदू पडद्याबाहेर जायचा. खाली, डावीकडे, पाव सेकंदापुरता, आणि मुकाट्यानं परत यायचा. एकूण नऊ वेळा. नेहमी त्याच जागी.

डावीकडे खाली काय होतं? काळा आडपडदा. आणि त्यामागे, स्टुलाच्या उंचीवर, नोंदणीचं यंत्र. त्याच्यावर एक हिरवा दिवा होता, नोंदणी चालू असेपर्यंत जळणारा.

आडपडदा ओढलेला असेल तर खुर्चीतून तो दिवा दिसत नाही. आणि यंत्रावर माणूस बसलेला असेल तर दिवा बघायची खुर्चीतल्याला गरज काय?

बाई खुर्चीत मागे टेकल्या. आडपडदा सरकवलेला होता. यंत्रावर कोणी नव्हतं. त्या दिवशी जो कोणी खुर्चीत बसला होता, तो त्या खोलीत एकटा होता.

४

तपासणीचा क्रम रोजच्या रोज बघणारी माणसं जगात तीनच होती.

प्राध्यापकांचा प्रश्न लवकर मिटला. चष्म्याशिवाय त्यांना समोरच्याचं नाक दिसत नसे आणि चष्मा लावला की कॅमेऱ्यात भिंगांची चमक येणारच. एकेचाळीसमध्ये चमकेचा लवलेश नव्हता.

“मग माझ्यावर संशय होता तर!” ते कडवट हसले.

“माझं कामच ते,” बाई म्हणाल्या. “पण एक विचारते. कोणाची नजर यंत्राला धरताच आली नाही, तर तुम्ही काय करता?”

“ते रेकॉर्डिंग खराब धरून बाजूला काढतो. सगळीकडे असंच करतात.”

“गेल्या वर्षी अशी किती निघाली?”

प्राध्यापकांच्या कपाळावर आठी आली. “जास्तच. मी भिंगकाकांना दोनदा बजावलं. म्हटलं, यंत्राची निगा राखली जात नाहीये. आणखी एक खराब आलं तर मी यंत्र दुसऱ्याच्या हाती देईन.” मग आपण जास्त बोललो असं वाटून त्यांनी समोरची फाईल उघडली.

संशोधक मुलगी खिडकीजवळच्या टेबलावर आकड्यांत डोकं घालून बसली होती. बाई तिच्यासमोर बसल्या.

“लहानपणी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना?”

ती दचकली. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मानेनं. अजून कलती धरतेस. दमलीस की तो डोळा जरासा बाहेर जातो.”

एकेचाळीसमधली दोन्ही बुबुळं शेवटपर्यंत जोडीनं चालली होती, बैलजोडीसारखी. ही मुलगी तिथे बसली नव्हती. पण तिचे हात टेबलाखाली गेले होते, आणि ते बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

“तू ते आकडे काढलेस. एकतीस वेळा उजेडाआधी निघालेले डोळे तुला दिसले नाहीत?”

 खिडकीबाहेर कोणीतरी गवत कापत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“दिसले,” ती शेवटी म्हणाली. “नियम आहे. अशक्य इतक्या लवकर हललेली नजर चूक समजून काढून टाकायची. मी काढली. उरलेल्या नऊंची सरासरी उत्तम आली. मला विचित्र वाटलं होतं. पण मला तो आठवडा संपायच्या आत प्रबंधाचं प्रकरण द्यायचं होतं, आणि… मी विचारलं नाही, बाई. कोणालाच विचारलं नाही.”

“मग आता मला मदत कर,” बाई म्हणाल्या. “उद्या सकाळी तिघांनाही त्या खुर्चीत बसवायचंय.”

एकच माणूस उरला होता. पण उरला म्हणून त्यानंच केलं, असं लिहून देणं बाईंना जमणारं नव्हतं. एका कागदानं एकाचा जीव घेतला होता. दुसरा कागद त्यांना खात्रीशिवाय लिहायचा नव्हता.

५

सकाळी खोलीत चौघं होते. बाईंनी आडपडदा पूर्ण सरकवून ठेवला. “मला बसणाऱ्याचा चेहरा बघायचाय,” एवढंच कारण दिलं, आणि स्वतः यंत्राजवळ उभ्या राहिल्या.

आधी प्राध्यापक बसले. चष्म्याची चमक कॅमेराभर पसरली. तपासणी निम्म्यावर आली तेव्हा बाईंनी हळूच नोंदणीचं बटण दाबून बंद केलं. हिरवा दिवा विझला. पडद्यावरचे उजेड लुकलुकत राहिले. प्राध्यापकांनी शेवटचा उजेड पाहिला, हनुवटी उचलली आणि विचारलं, “झालं?”

मग संशोधक मुलगी. तिच्या वेळीही बाईंनी निम्म्यावर तसंच केलं. तिची नजर इमानानं उजेडांमागे पळत राहिली. दिवा विझल्याचं तिला कळलंसुद्धा नाही.

बसण्याआधी भिंगकाकांनी सवयीनं चौकट फडक्यानं पुसली. मग हनुवटी टेकवली. खोलीत फक्त यंत्राच्या पंख्याची घरघर होती. ठिपका आला, अर्धा मिनिट गेला. नजर तांदळाच्या दाण्यात मावत होती. उजेड सुरू झाले. बाई उजेडांकडे बघत नव्हत्या. त्या भिंगकाकांच्या डोळ्यांकडे बघत होत्या. डोळे आधी जात होते, उजेड मागून येत होता.

बाईंनी बटण दाबलं.

एक उजेड गेला. दुसरा गेला. भिंगकाकांची बुबुळं खाली डावीकडे वळली, आणि तिथेच थांबली.

“बाई,” हनुवटी न हलवता ते म्हणाले, “रेकॉर्डिंग बंद पडलंय.”

 पडद्यावर उजेड येत-जात राहिले, बघायला कोणी नसताना.

“हो,” बाई म्हणाल्या. “मीच बंद केलं. दोघांपैकी कोणालाही कळलं नाही. एकेचाळीसमध्ये जो बसला होता तो मात्र नऊ वेळा या दिव्याकडे बघतो. उजेड कुठून येणार ते त्याला आधी ठाऊक असतं. आणि तो खोलीत एकटा असतो.”

भिंगकाकांनी डोकं चौकटीतून काढलं. एका क्षणात ते दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसले.

“काका?” संशोधक मुलीचा आवाज चिरकला.

“मीच तो,” ते म्हणाले.

कोणी विचारण्याची वाट न बघता त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी क्रेनचालक आला होता. पाच वेळा यंत्र जुळवलं, पाचही वेळा यंत्रानं नकार दिला. बिंदू पडद्यावर मोहरी उधळल्यासारखे पसरत होते. क्रेनचालक म्हणत होता, “अहो, ठिपकाच हलतोय.” आणि भिंगकाका म्हणत होते, “ठिपका हलत नाही, तुम्ही हलताय. हनुवटी घट्ट टेकवा.” तासाभरानं त्याची पाळी सुरू व्हायची होती, म्हणून तो गेला.

“सरांनी बजावलेलं होतं. आणखी एक खराब आलं तर यंत्र जाणार. बावीस वर्षं मी या यंत्रांशिवाय दुसरं काही केलं नाही, बाई. मला वाटलं कॅमेऱ्याचा दिवा मंद झालाय. नवा बसवला. बरोबर चाललंय का बघायला स्वतः बसलो. रेकॉर्डिंग सुंदर आलं. इतकं सुंदर, की…” ते थांबले. “त्याचा नंबर रिकामा होता. मी त्यात घातलं. म्हटलं, माणूस तर चांगला धडधाकट होता. बिघाड माझ्या यंत्राचा, त्याची शिक्षा त्याला कशाला? माझ्या मनात आलं ते इतकंच.”

“तो तुम्हाला सांगत होता ना, हलतंय म्हणून!” प्राध्यापक उसळून म्हणाले.

“सांगत होता. पण मी यंत्राचं ऐकायला शिकलो, सर. माणसाचं नाही.” त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं. “अपघाताचं कळलं तेव्हा मी पहिल्यांदा समजलो की यंत्र त्या दिवशी बरोबर होतं. त्यानंतर सव्वीस दिवस झाले. रोज ठरवतो, आज सांगायचं. रोज यंत्र पुसतो आणि घरी जातो.”

बाईंना राग यायला हवा होता. तो आला नाही, त्याचाच त्यांना त्रास झाला.

“त्याचं खरं रेकॉर्डिंग पुसलंत?”

भिंगकाकांनी मान हलवली. “मी कधीच काही पुसत नाही. कपाटात खालच्या खणात आहे. त्यावर ‘खराब’ लिहिलंय.” मग ते अगदी हळू म्हणाले, “पण त्या खणात तो एकटा नाही.”

६

खणात सात जणांची रेकॉर्डिंग होती.

दुपारपर्यंत चौघांनी मिळून ती पाहिली. दोन खरोखरच खराब होती, बसणाऱ्यानं अर्ध्यात डुलकी काढलेली. उरलेल्या पाचांत बुबुळं घसरत होती आणि झटक्यानं परत येत होती. कोणाची जास्त, कोणाची कमी. एक क्रेनचालकाचं. एक बससेवेच्या चालकाचं. एक भट्टीवर काम करणाऱ्या बाईचं. बाकीचे दोघं ट्रकवाले.

“ज्यांना मोजता आलं नाही ते आपण टाकून दिले,” संशोधक मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात आता रडू नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. “आणि शोधायचं होतं ते त्यांच्यातच होतं.”

“नियम माझा होता,” प्राध्यापक म्हणाले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता, त्यामुळे ते नक्की कोणाकडे बघत होते ते कळेना.

बाईंना त्या क्षणी रुग्णालयातली कार्डं आठवली. पेनच्या टोकाकडे न बघणारी, रडणारी, मान फिरवणारी मुलं. अशा कार्डांवर त्या लिहायच्या, ‘मूल सहकार्य करत नाही.’ अशी किती लिहिली असतील, त्यांना सांगता आलं नसतं. त्या उठल्या आणि फोनपाशी गेल्या.

दोन्ही ट्रकवाले घरी सापडले. भट्टीवरच्या बाईला निरोप पोचला. बसचालक मात्र फेरीवर होता. आगारातल्या माणसाला बाईंनी तीन वेळा तेच समजावलं, चौथ्यांदा त्यांचा आवाज चढला. अर्ध्या तासानं उलट फोन आला. चालकाला पुढच्या थांब्यावर उतरवून घेतलं होतं. तो स्वतःच बोलायला आला. “बाई, मला वाटायचं रस्ताच खराब झालाय,” तो म्हणाला.

भिंगकाकांनी आपला जबाब स्वतःच्या हातानं लिहिला. स्वच्छ अक्षरात, एकही सबब न देता. पुढे मंडळानं त्यांना कामावरून दूर केलं, प्रयोगशाळेचे दाखले थांबवले, आणि क्रेनचालकावरचा हलगर्जीपणाचा ठपका काढून टाकला. त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवण्यात आलं. तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात दोष निघाला. वाढू न देण्याइतके उपचार होते, बरं करण्याइतके नव्हते.

निकाल सांगायला बाई स्वतः गेल्या. क्रेनचालकाच्या बायकोनं ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. “म्हणजे हे खोटं बोलले नव्हते,” ती दोनदा म्हणाली.

क्रेनचालकाला मात्र सुटल्यासारखं दिसलं नाही.

“मंडळानं सोडलं,” तो म्हणाला. “पण त्या शिडीवरून वर चढलो ते मीच ना? कोणी उचलून नेलं नव्हतं. हलतंय ते मला दिसत होतं, बाई. पण कागदावर लिहिलं होतं की हलत नाही. मी कागद खरा मानला.” थोडा वेळ तो स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला. “त्या पोराच्या आईकडे जायचंय. इतके दिवस तोंड दाखवायची हिंमत नव्हती. तुम्ही याल माझ्याबरोबर?”

“तुमचा भाऊ आहे की.”

“भाऊ येईल. पण तुम्ही हव्यात. असं बोलायचं तर समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं लागतं. माझी नजर ठरत नाही. त्या माउलीला वाटेल, मी नजर चुकवतोय.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ते तिघं गेले. दोन खोल्यांचं घर होतं. दाराशी मुलाचे कामावरचे बूट तसेच होते, पुसलेले. आईनं त्यांना आत घेतलं, बसायला सांगितलं, आणि स्वतः उभीच राहिली. बाईंनी थोडक्यात सगळं सांगितलं. आजार, बदललेलं रेकॉर्डिंग, कागद. आई दाराशी बुटांकडे बघत होती. ऐकतेय की नाही तेही कळेना.

मग क्रेनचालक उठला. त्यानं हात जोडले आणि तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. डोळे तिच्या चेहऱ्यावर आले, घसरले, झटक्यानं परत आले, पुन्हा घसरले. त्यानं दात आवळले. कपाळावर घाम आला. भाऊ त्याला धरायला पुढे झाला, पण बाईंनी त्याला हातानं थांबवलं.

आई ते डोळे बघत होती. खूप वेळ बघत होती.  तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली.

“खाली बस,” ती म्हणाली. “माझ्याकडे नको बघूस. डोळे मिट हवं तर. पण मला सगळं सांग. तो सकाळी कामावर आला तिथपासून.”

क्रेनचालक बसला. त्यानं डोळे मिटले.

“सकाळी साडेसातला तो शिट्टी वाजवत आला,” त्यानं सांगायला सुरुवात केली.